ध्रुवाच्या ठाण्याची वास्तुशांत

टाकळमाळ हे गाव आष्टीच्या पलीकडं, जिथं गाडीवाटसुद्धा कंटाळून खाली बसते, तिथं आहे. पाऊस तिथं येतो तो चुकून आणि सरकारी माणूस येतो तो वाट चुकून. त्यामुळं निजामाचं फसली साल १३४२, म्हणजे इंग्रजी १९३२, सुरू होता होता हैदराबादेहून एक साहेब टांग्यातून मुद्दाम टाकळमाळलाच उतरले, तेव्हा गावात काहीतरी मोठा गुन्हा झाला असणार असं सगळ्यांनी धरलं. निम्म्या पुरुषांनी तर तो आपण केला नाही, असं साहेबांनी विचारायच्या आत सांगून टाकलं.

गुन्हा नव्हता. साहेब चावडीवर बसले, पाणी प्याले, पाण्याचा रंग पाहून पुढचं प्याले नाहीत, आणि म्हणाले की दुनियेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला नुसतं बर्फ आहे. तिथं पूर्वी चार-दोन माणसं लाकडी खोपटात राहून हिवाळा काढायची. काही परत यायची, काही तिथंच राहायची. आता तिथली ठाणी वाढू लागलीत. यंदा सगळ्या मुलखांच्या विद्वानांनी मिळून ठरवलंय की वर्षभर एकाच घटकेला सगळीकडं हवा मोजायची, बर्फातल्या ठाण्यांवर आणि बाहेरही. त्यातलं एक ठाणं टाकळमाळला.

"पर साहेब," मोहनराव पाटील म्हणाले, "थंडी मोजायला आमच्यात कावून? आमच्यात तर उन्हाळ्यात कोंबडी उकडलेलं अंडं घालती."

"पाटीलसाहब, तराजूला पारडी दोन लागतात," साहेब म्हणाले. "एका पारड्यात बर्फ. दुसऱ्यात तुम्ही."

गावाला हे पटलं. आपण कशाच्या तरी विरुद्ध बाजूला आहोत, हे गावाला आधीपासून वाटतच होतं.

हवा मोजायला माणूस पाहिजे होता. आष्टीच्या मदरशात उर्दू शिकून आलेला गावात एकच निघाला, तो उत्तरेश्वर. रान खडकाळ, घरात आई भिवराबाई आणि बायको छबुबाई. छबुबाई दूर दिंद्रुडची. तिकडं काळी जमीन, इकडं दगड. लग्नानंतर पहिल्यांदा सासरचं शेत बघून ती म्हणाली होती, "हे शेत हाय का शेताचा मुडदा?" उत्तरेश्वर तेव्हा पोट धरून हसला आणि तेव्हापासून तिच्या तोंडावर भाळला तो भाळलाच. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. बायको आवडते हे कळलं की गाव माणसाला किंमत देत नाही.

माळावर दगडमातीची एक खोली उठली. खोलीसमोर चार पायांवर एक पांढरी, फटीफटींची लाकडी पेटी उभी राहिली. तिच्यात पाऱ्याच्या नळ्या होत्या. गाव तिला कबुतरखाना म्हणू लागलं. रोज दुपारी ठरल्या घटकेला उत्तरेश्वरनं पेटी उघडायची, पारा बघायचा, वाऱ्याची दिशा बघायची. त्याच घटकेला, साहेब म्हणाले होते, बर्फातही कुणीतरी दार उघडून हेच बघत असेल. उत्तरेश्वरला ते ऐकून बरं वाटलं होतं. गावात त्याच्या वेळेला साथ देणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण खोलीत पाय ठेवायच्या आधी पाटलांनी हात आडवा केला.

"वास्तुशांत झाल्याबिगर कसं जाशील बे? दगडं बसवली म्हंजी घर व्हतंय का?"

बद्रीनाथ जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी मुहूर्त काढला, होमाचं सांगितलं आणि विचारलं, "पाटावर कोण बसणार? वास्तूला घरधनी पाहिजे, घरधनीण पाहिजे."

इथं घोडं अडलं. वास्तू सरकारची. सरकार पाटावर बसणार कसं? पाटील बसले असते, पण पाटलांना बायका दोन, आणि शेजारी कुणी बसायचं यावरून घरात जे झालं ते होमापेक्षा जास्त पेटलं. शेवटी पाटलांनीच तोड काढली. "उत्तरेश्वर, तू बस जोडीनं. सरकारतर्फे."

उत्तरेश्वर आणि छबुबाई पाटावर बसले. जोशीबुवांनी विचारलं, "वास्तू कुणाची?" उत्तरेश्वर म्हणाला, "सरकारची."

"तसं चालत न्हाई. पाटावर बसलेल्यानं माझी म्हनावं लागतंय."

"माझी," उत्तरेश्वर म्हणाला.

छबुबाई पदराआड पुटपुटली, "घ्या. सरकार गेलं उडत."

पुरणपोळीची जेवणं झाली. पान खाता खाता भिवराबाई उठली, भिंतीला हळदीकुंकवाचे हात लावले आणि लेकासुनेच्या डोळ्यांदेखत, आपल्याकडं जसं म्हणतात तसं, खणखणीत आवाजात म्हणाली, "वास्तू वाढू दे, माणसांनी भरू दे, आन् घरची लक्ष्मी कवा उंबऱ्याभाईर न जावो!"

घरात वाकडं बोलू नये, वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, हे टाकळमाळात शेळीलाही ठाऊक होतं. पण वाकडं कुणीच बोललं नव्हतं. सगळे चांगलंच बोलले होते.

संक्रांतीच्या सुमाराला उत्तरेश्वर दुपारी खोलीत गेला, तर मागच्या भिंतीत जिथं कोनाडा होता तिथं दार होतं.

त्यानं ते ढकललं. आत दुसरी खोली होती. फळ्यांची. आष्टी तालुक्यात ज्या लाकडाचं एकही झाड नाही, तसल्या करड्या, रेशा-रेशांच्या फळ्या. मधोमध लोखंडी शेगडी, काजळीनं माखलेली. दोरीवर जाड लोकरी पायमोजे वाळत घातलेले, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. चरबी जळाल्याचा वास. आणि गारठा असा की उत्तरेश्वरच्या दाढांना कळ लागली. एका बाजूला छोटी खिडकी होती, तिच्यातून पांढरं दिसत होतं. नुसतं पांढरं, खाली नाही, वर नाही.

तो बाहेर पळाला आणि इमारतीला वळसा घालून मागं गेला. मागं फळ्यांची भिंत होती, तीच खिडकी होती. खिडकीसमोर बोरीची झुडपं होती आणि पाटलांच्या चार शेळ्या भिंत चाटत उभ्या होत्या. भिंतीवर पांढरी बुरशी धरावी तसं काही धरलं होतं आणि शेळ्या ते आवडीनं खात होत्या. उत्तरेश्वरनं बोट लावलं. बर्फ होतं.

गाव येऊन बघून गेलं. पाटलांनी छाती पुढं काढली. "मीच बांधून घेतली म्हना."

"कुणाकडून पाटील?"

"ते तुला कशाला पाहिजे बे? वाढली हे बघ."

शिमग्यापर्यंत तिसरी खोली आली. ती पत्र्याची होती. कणगी आडवी पाडून उभी चिरावी तशी गोलाकार. तिच्यात वातीशिवायचा दिवा होता आणि एका काळ्या पेटीतून टकटक, टकटक असा आवाज यायचा, मधूनच थांबायचा, जणू कुणी उत्तराची वाट बघतंय. तिच्यामागं उतरणीचा एक बोळ निघाला, त्याच्या भिंती तासलेल्या बर्फाच्या होत्या, निळसर. बोळ जमिनीखाली जात होता. बाहेरून बघावं तर तिथं माळ होता, खडक होता, बोळ मावायला टीचभर जागा नव्हती.

उत्तरेश्वर रोज दुपारी जात होता, कारण हुकूम होता. आणि रोज एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती. फळ्यांची खोली त्याच्या बापाच्या काळातली वाटायची. पत्र्याची आताची. बोळाच्या पुढं जे उठू लागलं होतं, ते अजून कुणी पाहिलेलंच नव्हतं. बाहेरून ते मचाणासारखं लोखंडी पायांवर उभं होतं, रंग लालभडक, भिंतीत भली मोठी काच. आत उजेड होता, पण दिवा कुठं नव्हता. ठाणं नुसतं लांबीनं वाढत नव्हतं, वयानंही वाढत होतं. आणि माणसापेक्षा लवकर.

चैत्रात साहेब दौऱ्यावर आले. घामानं निथळत आत गेले, थोड्या वेळानं मिशीवर दंव घेऊन बाहेर आले. कबुतरखान्याला हात टेकून उभे राहिले.

"मंजूर खोली एक," ते म्हणाले. "मौजूद बऱ्याच. कमी भरली असती तर मी तुम्हा सर्वांची चौकशी लावली असती. जादा भरल्याबद्दल कायदा नाही."

"मंग साहेब, आमी काय करावं?"

"समाधानकारक वाढ," साहेब म्हणाले आणि टांग्यात बसले. टांगा दिसेनासा होईपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. ते पुन्हा आले नाहीत.

या सगळ्यात छबुबाई कधी आत जाऊ लागली हे उत्तरेश्वरला नीटसं कळलं नाही. एका दुपारी तो पारा बघून आत गेला तर ती पत्र्याच्या खोलीत केर काढत होती.

"छबे! तू हितं कावून?"

"मंग झाडायचं कुणी, सरकारनं?" ती म्हणाली. "पाटावर मी बसलेय. घर माझ्या नावानं घाण ऱ्हाईल."

"भ्या न्हाई वाटत?"

"भ्या कशाचं? गार हाय. भाईर आत्याबाई हायेत आन् ऊन हाय. दोनीतलं एक तरी चुकतंय."

तो हसला. ती पण हसली. मग तिनं हात पुसले आणि भिंतीला लागून असलेल्या, एकावर एक रचलेल्या पलंगांकडं बोट केलं. "ती अंथरुणं सकाळी गरम असतात."

"कुणाची?"

"माणसांची. माणसं हायेत हितं. फकस्त अजून आली न्हाईत."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की उत्तरेश्वरच्या अंगावर काटा यायला बाहेर येईपर्यंत वेळ लागला.

ती भाकरी घेऊन जाऊ लागली. टोपली फळ्यांच्या खोलीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी टोपली रिकामी आणि धुतलेली. भिवराबाई आधी कुरकुरली, "सरकारी भुतं जेवू घालायली का?" पण मग टोपलीत कधी एखादा पत्र्याचा डबा यायला लागला, त्यात गोड, घट्ट, पिवळं दूध असायचं. भिवराबाईचा विरोध त्या दुधात विरघळला. गावातही हळूहळू लोकांचं मन वळलं. विहीर आटली होती आणि बर्फाच्या बोळात फावडं मारलं की हंडाभर पाणी होत होतं. गारठ्याला नावं ठेवणारी माणसंच हंडे घेऊन रांगेत पुढं होती. उंबऱ्याच्या आत मात्र त्यांच्यापैकी कुणी जात नव्हतं. बर्फ आतून छबुबाई काढून द्यायची. एखाद्या घरच्या मालकिणीनं ताक वाटावं तसं.

वैशाखातल्या एका दुपारी तिला बाहेर यायला उशीर झाला. उत्तरेश्वर दारात उभा होता. ती आतून आली, उंबऱ्याशी थांबली आणि पाय उचलला. नेहमीपेक्षा जास्त वर. गुडघ्यापर्यंत. मग दुसरा पाय तसाच काढला आणि घोटा कशाला तरी घासल्यासारखं करून ओरडली.

"काय झालं?"

"उंबरा लई उंच केलाय की. कवा केला?"

उत्तरेश्वरनं खाली बघितलं. उंबरा होता तसा होता, चार बोटांचा. एक घोरपड त्याच्यावरून सरपटत आत गेली.

पुढच्या आठवड्यात बाहेर येताना तिनं पदर खोचला आणि चौकटीला धरून चढावं तसं चढली. हवेत. खाली काही नव्हतं आणि ती चढत होती. तिच्या तळव्याला फळीचं कुसळ लागलेलं उत्तरेश्वरनं स्वतः काढलं. तो थंडगार तळवा हातात धरून बसला आणि म्हणाला, "उद्यापासून तू आत जायचं न्हाई."

"न्हाई जात," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वाद घातला नाही. उत्तरेश्वरला याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला म्हणून गावातल्या आपल्या घरातून निघाली आणि आली नाही. उत्तरेश्वर पळत माळावर गेला. ती फळ्यांच्या खोलीत घागर घेऊन उभी होती, चेहरा पांढराफटक.

"आपल्या दाराचा उंबरा वलांडला," ती म्हणाली, "आन् पाय हितं पडला. अवं, मी हितं आलेच न्हाई. मी घरातून भाईर गेलते फकस्त."

त्यानं तिला उचलून बाहेर काढलं. उंबऱ्यावरून नेताना तिचं डोकं, पाठ, ढोपरं सगळं कशाला तरी आपटत होतं. बाहेर येईपर्यंत तिच्या अंगावर निळे डाग उठले. ऊन लागताच ती तापानं फणफणली आणि म्हणू लागली, "मला आत घ्या, हितं जळायलंय."

भिवराबाई शुश्रूषा करत होती. सुनेच्या कपाळावर ओलं फडकं ठेवता ठेवता तिनं एकाएकी आपल्या तोंडात मारून घेतलं. फाडकन. मग परत.

"माय, काय करायलीस?"

"मीच म्हनलं न्हव का उत्तऱ्या," ती म्हणाली. "लक्ष्मी उंबऱ्याभाईर न जावो. मीच म्हनलं. पंगतीत. पान खाऊन."

उत्तरेश्वर जोशीबुवांकडं गेला. जोशीबुवांनी जानवं चोळलं.

"वास्तूनं ऐकलंय," ते म्हणाले. "दुसरं जोडपं पाटावर बसलं तर तुमची सुटका व्हईल. त्या जोडप्याचं मग तेच."

पाटलांनी गावात दवंडी दिली. बर्फाचं पाणी रोज भरणाऱ्या सगळ्या गावात पाटावर बसायला एक जोडपं निघालं नाही. एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोला एकटीला बसवता येईल का असं विचारलं, पण ती मागंच उभी होती.

"जाळून टाकू," उत्तरेश्वर म्हणाला.

"सरकारी हाय ती," पाटील म्हणाले. "आन् आत लक्ष्मी असली तर?"

आणि झालं तसंच. ताप उतरला त्या सकाळी ती पाणी प्यायला अंथरुणावरून उठली, घराचा आतला उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि स्वयंपाकघरात पोचली नाही.

या वेळी उत्तरेश्वर ठाण्याच्या दाराशी पोचला तेव्हा ती आत उभी होती आणि तिनं हात वर करून त्याला दाखवलं. उंबरा तिच्या गळ्याला लागला होता. तिच्या बाजूनं. ती त्याच्याकडं भिंतीवरून बघावं तसं टाचा उंचावून बघत होती. त्याच्या बाजूनं ती पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण दिसत होती, मध्ये रिकामी हवा. तो आत गेला. सहज गेला. त्याला कुणी अडवत नव्हतं.

"उद्या डोळ्यापातुर येईल," ती म्हणाली. "परवा मी तुमाला दिसेन, तुमी मला दिसनार न्हाई."

तो खाली बसला आणि रडू लागला. ती त्याच्याजवळ बसली.

"रडू नका. इचार करा. मी कोण हाय ह्या घराची?"

"लक्ष्मी."

"कशानं? कुणामुळं?"

त्याला कळलं आणि त्यानं मान हलवली. नाही, नाही.

"आमच्या दिंद्रुडात बी चालती, तुमच्यात बी चालती," छबुबाई म्हणाली. "पंचांम्होरं काडी मोडायची. काडी मोडली की मी तुमची न्हाई, आन् तुमची न्हाई म्हंजी घराची न्हाई. मंग उंबरा माझं काय अडवतोय?"

"आन् मंग परत?"

"परत न्हाई. परत पाट लावला की परत लक्ष्मी." तिनं त्याचे डोळे पुसले. "मी भावाकडं ऱ्हाईन. जित्ती तर ऱ्हाईन. तुमाला शिव्या घालीन तितून."

ती हसायचा प्रयत्न करत होती. तिच्या पापण्यांवर बर्फ धरला होता आणि हसताना तो करकरला.

पंच त्याच दुपारी जमले. पाटील, जोशीबुवा आणि गावातले अजून दोघं. काडीमोड चार माणसांसमोर व्हावी लागते, पण चारांतलं एकही माणूस आत यायला तयार नव्हतं. ते बाहेर, उन्हात, डोक्यावर फडकी घेऊन उभे राहिले आणि दारातून बघू लागले. पाटलांनी कडब्याची काडी आत फेकली.

उत्तरेश्वरनं ती उचलली. त्याला वाटलं होतं, काडी मोडायला जोर लागेल. काडी वाळलेली होती, हातात धरताच तुटली.

"मोडली," तो म्हणाला.

"मोडली," छबुबाई म्हणाली. मग तिनं उंबऱ्याकडं बघितलं, पाय उचलला, चार बोटं उचलला, आणि बाहेर गेली.

भिवराबाईनं तिला मिठी मारली आणि मग आता ती सून नाही हे आठवून हात सोडले. मग परत मिठी मारली. शेजारच्या बंकटची बैलगाडी तयार होती. छबुबाई गाडीत बसली. आता आपला नवरा नसलेल्या माणसाकडं बघायचं नसतं म्हणून तिनं उत्तरेश्वरकडं बघितलं नाही. गाडी उतरणीला लागली, पंच पांगले. पाटील जाता जाता म्हणाले, "पाण्याचं उद्यापासून कोण बघनार मंग?" आणि उत्तराची वाट न बघता गेले.

दुपारची ठरलेली घटका झाली होती. उत्तरेश्वरनं कबुतरखाना उघडला, पारा बघितला, वारा बघितला. हुकूम होता. मग तिची झाडणी आणि भाकरीची टोपली आणावी म्हणून तो आत शिरला. फळ्यांची खोली, पत्र्याची खोली, बर्फाचा बोळ. टोपली शेवटच्या, लाल खोलीत होती.

तिथं माणसं आली होती.

लांब टेबलाभोवती बसली होती, फुगीर लाल कपडे घातलेली, पुरुष होते, बायकाही होत्या. साबणाचा आणि लोखंडाचा वास येत होता. त्यांच्यासमोर ताटल्या होत्या आणि ताटल्यांत भाकरीचे तुकडे. उत्तरेश्वरला बघून ती दचकली नाहीत. सरकून त्यांनी त्याला जागा केली, जशी आपल्या घरातल्या माणसाला करतात. ऊनवाऱ्यानं ओठ फाटलेल्या एका बाईनं मान वळवून त्याला काहीतरी विचारलं. भाषा त्याची नव्हती. पण विहिरीच्या तळाशी पडलेला तांब्या वरून दिसावा तसा तिचा अर्थ त्याला खाली स्वच्छ दिसला. ती विचारत होती, घरातली बाई कुठं आहे?

सगळे त्याच्याकडं बघत होते. परक्या मुलखातली माणसं, पाहुणी, आणि हा घरधनी. चारचौघांत, पहिल्याच भेटीत, आत्ताच बाहेर काडी मोडून आलो असं कुणी सांगतं का? टाकळमाळात तरी कुणी सांगत नाही. उत्तरेश्वरनं टोपी सारखी केली आणि कुठल्याही अब्रूदार माणसानं सांगितलं असतं तेच सांगितलं.

"म्हायेराला गेलीय," तो म्हणाला. "ही काय, येईलच."

सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. आणि त्यांच्या मागं, पुढं, पायांखाली, पत्र्यात, फळ्यांत, बर्फाच्या बोळात, काहीतरी लांबवर कचकन बसलं. घर भार घेताना करतं तसं.

भल्या मोठ्या काचेत रोज पांढरं असायचं. आता त्यात माळ दिसत होता, आणि माळाखालची वाट, आणि वाटेवर बंकटच्या गाडीची धूळ लांब लांब जाताना. उत्तरेश्वर बघत होता. धूळ थांबली. थोडा वेळ ती एका जागी उभी राहिली. मग ती मोठी व्हायला लागली.

त्याला आनंद झाला. हे सांगायलाच हवं, कारण पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. तिच्याशिवायची एक घटकासुद्धा त्याला जड गेली होती. मग आपण वास्तूत उभं राहून काय बोललो ते त्याला कळलं आणि तो धावत सुटला. बोळ पहिल्यापेक्षा लांब झाला होता. पत्र्याच्या खोलीला आणखी एक पत्र्याची खोली लागली होती. तो धडपडत दारात पोचला तेव्हा गाडी कबुतरखान्याशी आली होती आणि बंकट कासरे ओढून ओढून रडकुंडीला आला होता.

"बैल ऐकंनात रं उत्तरेश्वरा! वैनी बी ऐकंना!"

छबुबाई गाडीतून उतरली. पदर नीट केला आणि माहेराहून परतलेल्या बाईसारखी घाईघाईनं चालत आली. उत्तरेश्वरनं दोन्ही हात पसरून चौकट धरली, पाठ आत, तोंड बाहेर. वैशाखाचं ऊन माळावर असं पडलं होतं की दगडाकडं बघवत नव्हतं.

"छबे, थांब," तो म्हणाला. "काडी मोडलीय आपली. पंच होते. तू परत जा."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि लाडानं, थोडं रागानं त्याच्याकडं बघू लागली. ती बोलली तेव्हा त्या उन्हात तिच्या तोंडातून वाफ निघाली.

"सरका की," ती म्हणाली. "दार अडवून कावून उभं ऱ्हायलाव? त्यांची जेवायची येळ झाली."